दहाचा गठ्ठा मुलाच्याच हातानं: पहिली-दुसरीत बेरीज आणि दशक-एकक शिकवताना

पहिलीतल्या मुलासमोर पंचवीस काड्या ठेवा आणि पाटीवर २५ लिहा. त्यातल्या ५ वर बोट ठेवून म्हणा, ‘एवढ्या काड्या काढून दाखव.’ मूल पाच काड्या काढतं. मग २ वर बोट ठेवून तेच विचारा. पुष्कळ मुलं दोनच काड्या उचलतात. ‘मग या उरलेल्या कशाच्या?’ असं विचारलं की आधी काड्यांकडे बघतात, नंतर तुमच्या तोंडाकडे. शंभरपर्यंत घडाघडा म्हणणारं, २५ + १३ उभ्या मांडणीत बिनचूक सोडवणारं मूलही इथं अडकतं. म्हणून शिकवायला सुरुवात करण्याआधी ही चाचणी प्रत्येक मुलाची वेगवेगळी घ्या. एकाला फार तर दोन मिनिटं लागतात आणि पुढचं काम कुठून सुरू करायचं ते कळतं.

केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानात (२०२१) पहिलीअखेर ९९ पर्यंत आणि दुसरीअखेर ९९९ पर्यंत संख्यांचं वाचन-लेखन अपेक्षित आहे. वाचन-लेखन पाठांतरानंही जमून जातं. दहा सुट्या वस्तूंचा मिळून ‘एक’ होतो आणि तो त्याच वेळी दहाही असतो, हे मात्र पाठ करून येत नाही. त्यासाठी गठ्ठा बांधावा लागतो, तोही मुलानं स्वतः. भिंतीवर रंगवलेला दशक-एककाचा तक्ता किंवा बाजारातून आणलेले तयार ठोकळे नंतर उपयोगी पडतात, पहिल्या पायरीला नाही.

काड्या, रिंगा, चिंचोके

आपल्याकडे विदर्भात तुरीची सोंगणी झाली की तुराट्यांचे ढीग लागतात. त्यांच्या शेंड्याकडच्या बारीक, सरळ फांद्या घ्या. जाडी ३ ते ४ मिलिमीटर असावी. आगकाडीइतकी बारीक काडी लहान बोटांना उचलता येत नाही, आणि पेन्सिलीएवढ्या जाड काड्यांचा गठ्ठा एका मुठीत मावत नाही. काड्या दोन दिवस उन्हात वाळवून १० सेंटिमीटरचे तुकडे करा. साध्या कात्रीनं टोकं चेपतात आणि कुसळं निघतात. संत्र्याच्या छाटणीची कात्री चांगली. कापल्यावर टोकं फरशीवर घासून घ्या. पऱ्हाटीच्या (कपाशीच्या झाडाच्या) काड्या वाकड्या-गाठाळ असतात, गठ्ठा नीट बसत नाही. खराट्याच्या काड्या चालतील, पण त्यांची टोकं डोळ्याला लागण्याची भीती असते, म्हणून बारीक शेंडा टाकून फक्त बुडाकडचा भाग वापरा.

तीन मुलांच्या गटाला ११० काड्या द्या: शंभर कामाच्या, दहा हरवण्यासाठी. तीस मुलांच्या वर्गाला ११०० काड्या लागतील. एका शिक्षकानं बसून कापायच्या म्हटलं तर कंटाळा येईल, पण वरच्या वर्गातली मुलं एका दुपारी करून टाकतात. ठेवायला झाकणाचा डबा हवा, नाहीतर पावसाळ्यात वाळवी लागते.

बांधायला बाजारातले रबर आणू नका. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात ते चिकट होतात किंवा तुटतात. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या अर्ध्या सेंटिमीटर रुंदीच्या रिंगा कापा. एकेरी रिंग दहा काड्यांना सैल होते. तिला पीळ देऊन आठच्या आकड्यासारखी करायची आणि दुहेरी चढवायची, की घट्ट बसते. मोटरसायकलची ट्यूब मात्र फार मोठी पडते.

सुट्या मोजणीसाठी चिंचोके उत्तम. बियांच्या बाबतीत एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. गुंजा, एरंडी आणि चंद्रज्योतीच्या बिया वर्गात आणूच नका. तिन्ही विषारी आहेत आणि दिसायला इतक्या छान की मुलं तोंडात घालतात. बिब्ब्यानं कातडी भाजते. अंगणवाडीतल्या अगदी लहान मुलांना चिंचोकेही नकोत, नाकात-घशात जातात. त्यांना बाटल्यांची मोठी झाकणं द्या.

गठ्ठा बांधणं

पहिल्या दिवशी लिहिणं नाही. गटासमोर चाळीसेक काड्या मोकळ्या टाका आणि आधी अंदाज विचारा. मग एकेक करून मोजू द्या. मोजणी चालू असताना मध्येच काहीतरी विचारा, म्हणजे मोजणी चुकेल. पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागलं की मुलं स्वतःच वैतागतात. त्याच वेळी रिंगा द्या: दहा झाल्या की बांधायच्या. नऊवर बांधायचं नाही, अकरा होऊ द्यायच्या नाहीत. एकानं बांधायचं, दुसऱ्यानं सोडून मोजायचं, तिसऱ्यानं पुन्हा बांधायचं. आता मोजणी चुकली तरी फक्त शेवटचा अर्धा गठ्ठा मोजावा लागतो, हे मुलांच्या लगेच ध्यानात येतं.

गडचिरोली-गोंदियाकडच्या मुलांना ही कल्पना घरूनच माहीत असते. तेंदूपत्त्याच्या हंगामात सत्तर पानांचा पुडा बांधतात आणि फळीवर (पानं गोळा होतात त्या केंद्रावर) मोजणी होते ती पुड्यांची, पानांची नाही. फक्त इथं पुडा दहाचा.

पुढचे काही दिवस काही मुलं बांधलेला गठ्ठा प्रत्येक वेळी सोडून आत दहाच आहेत ना ते बघतात. बघू द्या. ‘अरे दहाच आहेत, पुन्हा काय मोजतोस’ म्हणून घाई केली, तर मूल तुमच्या शब्दावर विश्वास ठेवतं, गठ्ठ्यावर नाही. एखाद्या दिवशी ते गठ्ठ्याला नुसता हात लावून ‘दहा’ म्हणतं आणि पुढं ‘अकरा, बारा’ चालू करतं. तिथून पुढं जायला हरकत नाही. या टप्प्यावर सगळा वर्ग एकाच दिवशी येत नाही. पहिली-दुसरी एकत्र बसणाऱ्या शाळेत तर नाहीच. मागं राहिलेल्यांना गठ्ठे बांधून ठेवण्याचं काम द्या, म्हणजे वर्गाचं सामानही तयार होतं आणि त्यांचा सरावही होतो.

दहाची चौकट: अंड्यांचा ट्रे

बेरजेची खरी किल्ली दहा पूर्ण करण्यात आहे. तीस अंड्यांच्या कागदी ट्रेमध्ये पाच-पाच खड्ड्यांच्या सहा ओळी असतात. दर दोन ओळींनंतर कापला की दहा खड्ड्यांच्या तीन चौकटी मिळतात. अंडं फुटलेला किंवा विष्ठा लागलेला ट्रे घेऊ नका. स्वच्छ ट्रेही दोन दिवस कडक उन्हात ठेवून मगच वापरा.

भरण्याचा नियम एकच आणि तो मोडू द्यायचा नाही: आधी वरची ओळ डावीकडून, ती भरली की खालची. असं केलं की सात म्हणजे ‘वरचे पाच आणि खाली दोन’ हे न मोजता दिसतं, आणि तीन खड्डे रिकामे हेही दिसतं. मुलं वाटेल तिथं चिंचोके टाकू लागली तर चौकटीचा काही उपयोग उरत नाही, दर वेळी मोजावंच लागतं. चौकट एक-दोन सेकंद दाखवून झाका आणि विचारा, ‘किती होते? किती हवेत दहाला?’ हा खेळ रोज पाच मिनिटं. ९ आणि १, ८ आणि २, ७ आणि ३, ६ आणि ४, ५ आणि ५ या जोड्या जिभेवर येईपर्यंत दहाच्या पुढची बेरीज सुरू करू नका.

मग ८ + ५. एका चौकटीत आठ चिंचोके, दुसरीत पाच खडे. वस्तू वेगळ्या असल्या की कुठून काय हललं ते दिसतं. पहिलीत दोन जागा रिकाम्या आहेत, म्हणून दुसरीतले दोन खडे उचलून तिथं ठेवायचे. आता एक पूर्ण चौकट आणि तीन खडे. मुलानं हात हलवताना बोललं पाहिजे: ‘आठला दोन दिले, दहा झाले, तीन उरले, तेरा.’ असंच ९ + ४, ९ + ६, ७ + ५ करून घ्या. नऊची उदाहरणं आधी घ्या, कारण तिथं एकच खडा हलवायचा असतो.

काही मुलं आठ चिंचोके समोर असूनही एकपासून मोजायला लागतात. त्यांच्यासाठी वाटीची युक्ती. आठ चिंचोके वाटीखाली झाकायचे, वाटीवर खडूनं ८ लिहायचं, पाच बाहेर ठेवायचे. वाटीवर टिचकी मारून ‘आठ’, मग बाहेरच्यांवर बोट ठेवत ‘नऊ, दहा, अकरा, बारा, तेरा’. यात एक चूक ठरलेली आहे: मूल पहिल्या बाहेरच्या चिंचोक्यालाच ‘आठ’ म्हणतं आणि उत्तर बारा येतं. सगळी उत्तरं एकानं कमी येत असतील तर दुसरं काही शोधत बसू नका, कारण हेच. वाटीवरची टिचकी मोठ्यानं वाजवायला लावा आणि हात वाटीवरून उचलून पुढं न्यायला लावा.

नावं ऐकायला उलटी

मराठीत संख्यांची नावं हा स्वतंत्र अडथळा आहे आणि तो मान्य करूनच पुढं जावं लागतं. ‘त्रेचाळीस’ ऐकताना कानाला तीन आधी भेटतो, म्हणून हात ३ आधी लिहितो आणि पाटीवर ३४ उमटतात. त्यात तीनचं रूपही स्थिर नाही: तेवीस, तेहेतीस, त्रेपन्न, त्रेसष्ट, त्र्याहत्तर. ‘एकोणतीस’ला तर ‘तीस’ ऐकून ३९ लिहिलं जातं. घरी वीसला ‘ईस’ म्हणणारी, शेजारी हिंदीतलं ‘बाईस’ ऐकणारी आणि मोबाइलवर इंग्रजी आकडे पाठ केलेली मुलं एकाच वर्गात असतात.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ६३ साठी ‘साठ तीन’ अशी वाचनाची पद्धत दिली तेव्हा राज्यभर वाद झाला. वर्गातल्या कामापुरतं बोलायचं तर दोन्ही नावं सोबत चालवणं सगळ्यांत सोयीचं. सहा गठ्ठे आणि तीन सुट्या दाखवून मूल आधी ‘सहा दशक तीन’ म्हणेल, लगेच ‘त्रेसष्ट’ म्हणेल. बाजारात, बँकेत, घरी त्रेसष्टच चालणार आहे, म्हणून जुनं नाव टाळता येत नाही. आणि नुसत्या जुन्या नावातून गठ्ठे दिसत नाहीत.

श्रुतलेखनात हा क्रम ठेवा: संख्या ऐकली की आधी काड्या मांडायच्या, मग लिहायचं. मांडताना गठ्ठे आधी, डाव्या हाताला. सरावाला उलट्या जोड्या मुद्दाम एकत्र घ्या: ३४ आणि ४३, ३६ आणि ६३, ५६ आणि ६५. कोणत्या मुलाचा गोंधळ नावाचा आहे आणि कोणाचा स्थानाचा, ते इथं वेगळं होतं. काड्या बरोबर मांडून लिहिताना उलटवणाऱ्याला नावाचा सराव हवा. काड्याच चुकीच्या मांडणाऱ्याला पुन्हा गठ्ठ्यांकडे न्या.

मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी-माडिया, यवतमाळकडे कोलामी बोलणारी मुलं असतात. त्यांनी गठ्ठे बांधताना आपल्या भाषेत मोजलं तर थांबवू नका.

दशकाचं शून्य दाखवायला जुन्या लग्नपत्रिकांची कार्डं करा. एककाचं कार्ड ४ सेंटिमीटर रुंद, दशकाचं ८, दोन्हींची उंची ५. एका संचात १ ते ९ आणि १० ते ९० अशी अठरा कार्डं. दशकाच्या कार्डावर दोन्ही अंक नेमके ४-४ सेंटिमीटरच्या चौकोनात यायला हवेत, नाहीतर झाकताना अर्धं शून्य डोकावतं. ३० वर ८ उजव्या कडेला जुळवून ठेवलं की ३८ दिसतात, उचललं की खालचं शून्य तिथंच. ‘तीस आणि आठ’ म्हणजे ३०८ लिहिणाऱ्या मुलांसाठी हे कार्ड काड्यांपेक्षाही जास्त कामाचं आहे.

दोन अंकी बेरीज: आधी फरशीवर

फरशीवर खडूनं साधारण तीन फूट रुंद आणि दोन फूट उंच चौकट आखा. उभी रेघ मारून डावीकडे दशक, उजवीकडे एकक. दशकाचा रकाना जरा मोठा, कारण गठ्ठे जागा घेतात. आडव्या तीन ओळी: पहिली संख्या, दुसरी संख्या, उत्तर. गटातली सगळी मुलं चौकटीच्या एकाच बाजूला बसवा. भोवती गोल बसवलं की समोरच्या मुलाला दशक उजवीकडे दिसतो आणि तुम्ही शिकवलेलं सगळं त्याच्यासाठी उलटं होतं. सगळ्यांत जास्त दुर्लक्ष याच गोष्टीकडे होतं.

पहिले काही दिवस गठ्ठा न होणारी उदाहरणं घ्या: २३ + १४, ४१ + ३६. मग २७ + १५.

१. वरच्या ओळीत दोन गठ्ठे आणि सात सुट्या. त्याखाली एक गठ्ठा आणि पाच सुट्या.

२. सुट्या एकत्र करून उत्तराच्या ओळीत आणायच्या. बारा झाल्या. ‘दहा आहेत का?’ हा प्रश्न दर वेळी, नसतील तेव्हाही. फक्त असतील तेव्हाच विचारलं तर मुलं प्रश्नावरूनच उत्तर ओळखतात.

३. दहा मोजून रिंग लावायची. हा नवा गठ्ठा रेघ ओलांडून दशकाच्या रकान्यात, सगळ्यांत वर ठेवायचा. एककात दोन उरल्या.

४. आता गठ्ठे: वरचा नवा एक, मग दोन, मग एक. चार. उत्तर चार दशक दोन, बेचाळीस.

हे हातानं सुरळीत होऊ लागलं की लेखन जोडा, पण प्रत्येक हालचालीबरोबर. गठ्ठा रेघ ओलांडून वर गेला त्याच क्षणी पाटीवर दशकाच्या डोक्यावर छोटा १ लिहायचा. हाच हातचा. आधी काड्यांचं सगळं उदाहरण उरकून नंतर पाटीवर वेगळं सोडवलं, तर मुलांसाठी ती दोन वेगळी कामं होतात आणि हातचा म्हणजे कुठून तरी येणारा एक, एवढंच राहतं.

चुकलेलं उत्तरच कुठं अडलंय ते सांगतं. २७ + १५ चं उत्तर ३१२ आलं, तर मुलानं दोन्ही रकाने वेगवेगळे सोडवून शेजारी शेजारी लिहिलेत. एककात बारा सुट्या मांडून ‘या रकान्यात दहा राहू शकतात का?’ विचारा. ३२ आलं तर हातचा विसरला. तो नवा गठ्ठा मुळात बांधला होता का ते बघा, कारण बऱ्याचदा मुलं या टप्प्यावर तयार गठ्ठा डब्यातून उचलतात आणि दहा सुट्या तशाच सोडतात. ५१ आलं तर बारामधला १ खाली लिहिला आणि २ वर नेले. २३ + ४ चं उत्तर ६३ आलं तर चार डावीकडे मांडलेत. पुस्तकातल्या चौकटी नसताना वहीवर लिहिलं की ही चूक वाढते, म्हणून चौकटीची वही द्या आणि ‘हे चार गठ्ठे की चार काड्या?’ एवढंच विचारा.

मण्यांची माळ

काड्यांनी गठ्ठा कळतो, माळेनं संख्येची जागा. शंभर मणी, दहा-दहाचे दोन रंग आलटून पालटून. मणी महाग पडतात. ठिबक सिंचनाची साधी १६ मिलिमीटरची नळी (लॅटरल) त्याहून बरी. ड्रिपर बसवलेली नको. दीड मीटर नळी घ्या, त्यातल्या ७५ सेंटिमीटरवर रंगीत चिकटपट्टी गुंडाळा, मग सगळीचे दीड सेंटिमीटरचे तुकडे करा: पन्नास काळे, पन्नास रंगीत. शेतातली जुनी नळी असेल तर खताचा अंश जाईपर्यंत धुवा. कडा दगडावर घासा. सव्वादोन मीटर नायलॉन दोरीत ओवून भिंतीला मुलांच्या छातीच्या उंचीवर बांधा. मणी सरकायला वीसेक सेंटिमीटर मोकळी दोरी सोडावीच लागते. गच्च ओवलेल्या माळेवर चिमटा बसत नाही.

कपड्यांचा चिमटा मण्यावर नाही, त्या मण्यानंतरच्या फटीत लावायचा. मण्यावर लावला की तो मणी धरायचा की सोडायचा यावरून पुन्हा एकानं चुकतं. २७ + १५ माळेवर असं होतं: सत्ताविसानंतर चिमटा, तीन मणी पुढं गेलं की रंग बदलतो, तीस, मग दहा, चाळीस, उरलेले दोन, बेचाळीस. काड्यांत आपण एककापासून सुरू केलं, इथं वाट वेगळी आणि उत्तर तेच. दोन्ही वाटा मुलांना माहीत असू द्या. तोंडी हिशेबाला माळेची जास्त उपयोगी पडते.

खेळातले पैसे याच्या नंतर आणा. दहाची नोट एक रुपयाची दहा नाणी एकत्र बांधून झालेली नसते, तिच्यात दहा दिसत नाहीत, ती मानावी लागते. आठवडी बाजाराचा खेळ मांडाल तेव्हा सुरुवातीला दहाच्या नोटा आणि एकची नाणी एवढंच ठेवा. दोन, पाच, वीसमुळे दशकाची घडी विस्कटते.

दुसरीत शंभर ओलांडायच्या दिवशी नऊ गठ्ठे आणि नऊ सुट्या मांडून ठेवा आणि एका मुलाच्या हातात एक काडी द्या. दहा सुट्यांचा गठ्ठा होतो, तो दशकात जातो, तिथं दहा गठ्ठे होतात. ‘आता?’ विचारून गप्प बसा. हे दहा गठ्ठे एकत्र बांधायला रिंग पुरत नाही, सुतळी लागते. हातभर सुतळी आधीच कापून ठेवा आणि डावीकडे तिसरा रकाना आखायला खडू जवळ असू द्या.